कणगीचं बारसं

शेत पुतण्याला विकलं त्या वर्षी
ओरेस्त हलुश्चाकनं पत्र्याची जुनी कणगी धुऊन काढली,
छप्पर कापून खाली ट्रॉलीची आठ चाकं बसवली
आणि खांद्यानं रेटलं.
कुरकुरत का होईना, आभाळ फिरलं.

आत दहा इंची आरसा.
दोन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर घासलेला.
व्हर्ना म्हणते, अजून कधीतरी
पावात कचकच लागते दाताखाली.

सगळं झालं. राहिलं नाव.
ताऱ्यांच्या नोंदी पाठवायच्या कागदावर एक रकाना होता,
'वेधशाळेचं नाव', आणि पुढे
सस्कॅचवनच्या रस्त्यांसारखी
कुठेच न वळणारी रेघ.

नाव ठेवायला सगळं गाव आलं,
नावं ठेवायलाही तेच.
पोस्टातला लॉर्न म्हणाला, हलुश्चाक वेधशाळा, आणखी काय?
ओरेस्तला त्यात आपलं थडगंच दिसलं,
खाली दोन तारखा, एक अजून कोरी.
व्हर्नाला अँड्रोमेडा आवडलं,
पण त्या नावाची गाय होऊन गेली होती, लाथाळ.
नात जोरी म्हणाली, शनीचं घर.
शनी त्या शरदात पहाटेखेरीज घरी नसायचा.

आजोबा आकाशगंगेला चुमाकांची वाट म्हणायचे,
बैलगाड्या जुंपून दक्षिणेकडे मीठ आणायला जाणाऱ्यांची.
ते नाव अर्ध्या गावाला उच्चारता येईना
आणि उरलेले विचारत, कसलं मीठ?

कोठाराची एक फळी हिरवी रंगवून ठेवली होती.
अक्षरांसाठी उघडलेल्या पांढऱ्या डब्यावर
साय धरली.

पूर्वेला, अर्ध्या मैलावर,
मार्लिस फ्रीसनच्या अंगणात खांबावर दिवा.
धान्याचा ट्रक घेऊन उशिरा येणाऱ्या एबसाठी लावलेला.
एबला जाऊन चार वर्षं झाली,
दिवा होता.
ओरेस्तनं त्या बाजूला ताडपत्री बांधली.
बोलला नाही.
काय बोलणार? कसं?

ऑक्टोबरात ती प्लमची पोळी घेऊन आली,
परातीवर फडकं, पायात एबचे बूट.
म्हणाली, दाखव तरी काय बघतोस ते.
त्यानं त्रिकोण तारकासमूहातली फिकट दीर्घिका लावली.
तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा,
मग चष्मा काढून पाहिलं.
काहीच नाही रे.
फिकट आहे, तो म्हणाला. फार फिकट.
एवढंच म्हणाला.
ती शिडीवरून उतरली, ताडपत्रीची कड
बोटानं थोडी बाजूला केली
आणि बराच वेळ
आपल्याच अंगणाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या रात्री ठीक दहाला
पूर्व काळी झाली.

आपल्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत, मालवला म्हणतात.
तिच्या भाषेत असा शब्द आहे की नाही, ठाऊक नाही.
पण हात तसाच लागला असणार बटणाला.

ओरेस्तनं ताडपत्रीची गाठ सोडली.
हात गारठलेले, गाठ जुनी, सुटेना,
शेवटी चाकूनं कापली.
मग दीर्घिका आली. आली म्हणजे
एवढंच, की काळ्यावर कुणी फुंकर घातल्यासारखं,
तीस लाख वर्षं चालत आलेलं काहीतरी
उंबऱ्याशी थबकलं.

सकाळी त्यानं डब्यातली साय काठीनं बाजूला केली
आणि फळीवर लिहिलं :
दहा वाजता.

हे काय नाव झालं? लॉर्ननं विचारलं.
जोरीनं घड्याळ काढून दाखवायला सांगितलं.
रकान्यातही तेच भरलं. तिकडून उलट पत्र आलं,
आपण वेळ चुकीच्या जागी लिहिली आहे.
त्यानं ते पत्र खिळ्याला टोचून ठेवलं.

आज सकाळपासून ढग आहेत, उद्या बर्फ.
दिसायचं काही नाही.
तरी दहाला तो कणगीत जाऊन बसला, कोट घालून,
छप्पर बंदच ठेवून, दार पूर्वेकडे उघडं.
मार्लिस आभाळ बघत नाही,
घड्याळ बघते.